कान किटवणारे स्पीकर

माणसाला सुमारे 20 ते 20,000 हर्ट्झ वारंवारतेचा, म्हणजे सेकंदाला वीस ते वीस हजार कंपनांचा आवाज ऐकू येतो हे शालेय पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाचे असले, तरी या विस्तृत पट्ट्यात कान सगळीकडे सारखाच तीक्ष्ण नसतो, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. आणि घरातले काही स्पीकर पहिल्या पाच मिनिटांत छाप पाडूनही तासाभरात नकोसे का होतात, याचा उलगडा तिथूनच सुरू होतो. 1933 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी वेगवेगळ्या वारंवारतांचे आवाज ऐकवून ते सारखेच मोठे कधी वाटतात याची मोजमापे प्रसिद्ध केली, आणि त्यांतून तयार झालेल्या आलेखांची सुधारित आवृत्ती आज आंतरराष्ट्रीय मानक म्हणून वापरली जाते. त्या मानकानुसार 1000 हर्ट्झचा आवाज 40 डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी 100 हर्ट्झच्या खर्जाला सुमारे 64 डेसिबल लागतात, 8000 हर्ट्झला सुमारे 52 लागतात, पण 3000 हर्ट्झच्या किंचित वर अवघे 36 पुरतात. दहा डेसिबलचा फरक म्हणजे ऊर्जेत दहापटीचा फरक हे ध्यानात घेतले, म्हणजे 2000 ते 5000 हर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात कान किती हळवा आहे, याची कल्पना येते.

या हळवेपणाचे एक कारण अगदी साधे, शरीररचनेतले आहे. बाहेरच्या पाळीपासून पडद्यापर्यंत जाणारी कानाची नळी प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असून ती एका टोकाला बंद असते, आणि अशा नळीत जिची तरंगलांबी नळीच्या चौपट असते ती वारंवारता आपोआप बळावते. हा हिशेब 3400 हर्ट्झच्या आसपास येतो. बळावण्याच्या या क्रियेला अनुनाद म्हणतात. बासरीत किंवा रिकाम्या बाटलीत फुंकर मारल्यावर जे घडते ते इथे पडद्यापर्यंत पोचणाऱ्या प्रत्येक आवाजाच्या बाबतीत, बाहेरून कसलीही फुंकर न मारता, सतत घडत असते. बोलण्यातील व्यंजने ओळखण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती याच भागात असल्याने हा हळवेपणा माणसाच्या फायद्याचाच आहे, परंतु त्याची दुसरी बाजू अशी की या पट्ट्यात दोन-तीन डेसिबलचा जादा उठाव असलेला स्पीकर कान सहज पकडतो, आणि तेवढाच उठाव 100 किंवा 12,000 हर्ट्झला असेल तर त्याची फारशी दखलही घेत नाही.

फळ्यावर नख ओढल्याचा आवाज अंगावर काटा का आणतो, यावर 1986 साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या लिन हॅल्पर्न, रँडॉल्फ ब्लेक आणि जेम्स हिलेनब्रँड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता, आणि वीस वर्षांनी त्याला विनोदी संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल पारितोषिकही मिळाले. पण त्यातला निष्कर्ष हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बागकामाचे तीन दात्यांचे अवजार पाटीच्या दगडावर ओढून ध्वनिमुद्रित केलेल्या त्या आवाजातील सर्वांत उंच वारंवारता गाळून टाकल्या, तरी ऐकणाऱ्यांचा त्रास कमी झाला नाही. त्रासाचे मूळ मधल्या पट्ट्यात होते. पुढे 2011 मध्ये मिखाएल ओलर आणि ख्रिस्टोफ रॉयटर यांनी हाच धागा पुढे नेऊन 2000 ते 4000 हर्ट्झचा भाग सर्वाधिक असह्य असल्याचे दाखवले. कर्कश स्पीकरबद्दल ‘याचा ट्रेबल जास्त आहे’ असे जे सरसकट निदान केले जाते, ते या प्रयोगांच्या उजेडात तपासून पाहण्यासारखे आहे. अ‍ॅम्प्लिफायरवरचे ट्रेबलचे बटण सर्वाधिक काम करते ते 10,000 हर्ट्झच्या आसपास, आणि 3000 हर्ट्झपर्यंत येता येता त्याचा परिणाम बराच ओसरलेला असतो. त्यामुळे ते बटण मागे फिरवल्यावर झांजेची चमक आणि आवाजातली हवा निघून जाते, पण टोचणी मात्र होती तिथेच राहते आणि गाणे कर्कश असण्याबरोबर आता मंदही होते.

टोचणी नेमकी कुठे आहे याची ढोबळ परीक्षा करण्यासाठी मराठी वर्णमालाच हाताशी आहे. ‘श’ उच्चारताना निर्माण होणाऱ्या घर्षणध्वनीचा जोर साधारणतः 2500 ते 4000 हर्ट्झच्या भागात असतो, तर जीभ दातांच्या जवळ आणून उच्चारलेल्या ‘स’चा जोर त्याच्या वर, 5000 ते 8000 हर्ट्झच्या आसपास आणि कधी त्याही पलीकडे जातो. बातम्या वाचणाऱ्या निवेदकाचे ‘शासन’, ‘शेतकरी’, ‘निशाणा’ हे शब्द बोचत असतील आणि ‘सरकार’, ‘सोमवार’ निर्वेध जात असतील, तर दोष मधल्या भागात आहे. उलट ‘स’ शिटीसारखा फुटत असेल, तर संशय उंच स्वर वाजवणाऱ्या भागावर घ्यावा. संगीतापेक्षा नुसते बोलणे ही परीक्षा म्हणून अधिक विश्वासाची, कारण माणसाचा आवाज कसा असतो हे प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक असते, आणि गिटारचा किंवा सिंथेसायझरचा मूळ आवाज कसा होता हे बहुतेकांना ठाऊक नसते.

आता स्पीकरकडे वळावे. घरगुती स्पीकरच्या खोक्यात बहुधा दोन घटक असतात: खर्ज आणि मधले स्वर वाजवणारा, शंकूच्या आकाराचा मोठा वूफर, आणि उंच स्वर वाजवणारा छोट्या घुमटाचा ट्वीटर. येणारा विद्युतसंकेत या दोघांत वाटून देणाऱ्या परिपथाला क्रॉसओव्हर म्हणतात आणि जिथे एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते तो सांधा बहुतेक स्पीकरांत 2000 ते 3500 हर्ट्झच्या दरम्यान पडतो. म्हणजे कान जिथे सर्वांत हळवा, तिथेच यंत्रातला सर्वांत अवघड जोड. यात उत्पादकांचा निष्काळजीपणा नसून भौतिकशास्त्राची अडचण आहे, कारण यापेक्षा खाली सांधा घ्यावा तर एवढासा ट्वीटर ताणला जातो, आणि वर घ्यावा तर वूफर आपल्या ताकदीबाहेर जातो.

या सांध्याची खरी गोम समोर बसून लक्षात येत नाही. आवाजाची तरंगलांबी ज्या पृष्ठभागातून तो निघतो त्याच्या रुंदीपेक्षा बरीच मोठी असेल, तर तो चहूकडे पसरतो, आणि ती रुंदीच्या जवळपास किंवा कमी झाली, की तो झोतासारखा समोर एकवटतो. 3000 हर्ट्झची तरंगलांबी साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास असते, तर साडेसहा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या वूफरचा हलणारा शंकू सुमारे तेरा सेंटिमीटर रुंद असतो. त्यामुळे सांध्यापर्यंत येता येता वूफरचा आवाज चांगलाच आकुंचन पावलेला असतो. पण सांधा ओलांडताच सूत्रे अडीच सेंटिमीटर व्यासाच्या ट्वीटरकडे जातात आणि त्याच्यासाठी 3000 हर्ट्झ ही लांबलचक लाट असल्याने आवाज एकदम रुंद फाकतो. परिणामी समोरच्या रेषेवर मोजलेला आलेख सरळ दिसत असूनही, बाजूला जाणाऱ्या आवाजात 2000 हर्ट्झच्या आसपास खळगा आणि 3000 ते 5000 हर्ट्झच्या भागात उंचवटा तयार होतो. दिवाणखान्यात तीन मीटर दूर बसलेल्या माणसापर्यंत पोचणाऱ्या आवाजाचा बराच मोठा वाटा भिंती, छत आणि जमीन यांवरून परतून आलेला असतो, आणि हा परतलेला आवाज म्हणजे मुख्यतः बाजूला गेलेलाच आवाज. तेव्हा माहितीपत्रकावरचा आलेख निर्दोष असणारा स्पीकर घरात आणल्यावर कर्कश ठरणे यात गूढ असे काही नाही, मोजमाप एकाच दिशेने केलेले होते इतकेच.

ही गोष्ट पद्धतशीरपणे उलगडण्याचे श्रेय प्रामुख्याने कॅनडातील फ्लॉइड टूल यांच्याकडे जाते. ओटावा येथील नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये काम करताना त्यांनी अनेक स्पीकर अप्रतिध्वनी कक्षात, म्हणजे ज्याच्या भिंती, छत आणि जमीन आवाज परतूच देत नाहीत अशा खोलीत, वेगवेगळ्या कोनांतून मोजले, आणि तेच स्पीकर पडद्याआड ठेवून, नाव-गाव कळू न देता श्रोत्यांना ऐकवले. 1985 आणि 1986 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतील निष्कर्ष ध्वनिरसिकांच्या जगात आजही पुरेसा मुरलेला नाही: ज्यांचा कान शाबूत आहे अशा श्रोत्यांच्या आवडीनिवडी आश्चर्य वाटावे इतक्या जुळतात आणि त्यांना आवडणारे स्पीकर मोजमापातही ओळखता येतात, त्यांचा समोरचा प्रतिसाद सपाट असतो आणि बाजूचा प्रतिसाद त्याच्याशी समांतर राहून हळूहळू, कुठेही उसळी न घेता उतरत जातो. पुढे टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी हरमन या अमेरिकी कंपनीत हे काम वाढवले, आणि त्यातून स्पीकर आडव्या व उभ्या वर्तुळात दर दहा अंशांनी मोजून एकूण सत्तर आलेख काढण्याची पद्धत रूढ झाली. ‘ज्याचा त्याचा कान वेगळा’ हे वाक्य दुकानदाराच्या सोयीचे असले, तरी कर्कशपणाच्या बाबतीत ते फारसे खरे नाही, असाच या साऱ्या कामाचा रोख आहे.

सांध्यावरचे उपाय या संशोधनाच्या आधीपासून शोधले जात होते. ब्रिटनमधील टॅनॉय कंपनीने 1947 मध्येच दोन्ही घटक एकाच अक्षावर बसवलेला स्पीकर आणला होता, तर केईएफ कंपनीने 1988 मध्ये ट्वीटर थेट वूफरच्या शंकूच्या घशात बसवून, त्या शंकूच्याच उताराने ट्वीटरचा फैलाव आवरला. 1970 च्या दशकात बीबीसीने बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांतील अरुंद जागेसाठी घडवलेला एलएस3/5ए हा छोटा स्पीकर या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्यात वूफर पाचच इंची असल्याने सुमारे 3000 हर्ट्झच्या सांध्यापर्यंत तो फारसा आकुंचन पावत नसे. ट्वीटरच्या चारही बाजूंना जाड नमद्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत, आणि त्या शोभेच्या नव्हत्या. पुढच्या फळीभोवती खोक्याची कड उभी राहिलेली होती, ट्वीटरचा आवाज त्या कडेवर आपटून उशिराने पुढे येई व मूळ आवाजात मिसळून काही वारंवारता फुगवी, काही खाई, आणि नमदा त्याला कडेपर्यंत पोचण्याआधीच शोषून घेई. आज बऱ्याच स्पीकरांत ट्वीटर एका उथळ, पसरट खळग्यात बसवलेला दिसतो. त्या खळग्याला वेव्हगाइड म्हणतात, आणि सांध्याच्या आसपास ट्वीटरचा फैलाव वूफरइतकाच अरुंद करणे हेच त्याचे काम असते.

स्वस्त स्पीकरांत या बारकाव्यांपर्यंत वेळच येत नाही. दोन घटकांचे स्वस्त खोके मागून उघडले, की पुष्कळदा क्रॉसओव्हर म्हणून ट्वीटरच्या तारेला डाग दिलेला एकच छोटा कपॅसिटर आढळतो आणि वूफरच्या तारा थेट जोडलेल्या असतात. 3.3 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर 8 ओहमच्या ट्वीटरला जोडला, तर सांधा सुमारे 6000 हर्ट्झला पडतो. म्हणजे एरवी 2500-3000 हर्ट्झला सुटी मिळायला हवी तो वूफर त्याच्या दुप्पट उंचीपर्यंत, खरे तर त्याला कोणी थांबवतच नसल्याने जमेल तिथपर्यंत, वाजत राहतो. शिवाय एकट्या कपॅसिटरची आवर फार सौम्य असते: वारंवारता निम्मी झाली, की ट्वीटरकडे जाणारा संकेत ढोबळमानाने सहाच डेसिबलने उतरतो, त्यामुळे जे स्वर पेलणे त्याच्या आवाक्यात नाही तेही त्याच्यापर्यंत झिरपतात, आणि आवाज वाढवला की घुमट ताणला जाऊन खरखरतो. पैसे कुठे वाचवले हे बाहेरून कळत नाही. चकचकीत वॉर्निश आणि ट्वीटरभोवतीचे सोनेरी कडे मात्र लगेच दिसते.

वूफरला वेळीच न थांबवण्याचा परिणाम काय होतो हे समजण्यासाठी शंकूचे वागणे पाहावे लागते. खालच्या वारंवारतांना शंकू अखंड दट्ट्यासारखा पुढे-मागे हलतो, पण एका मर्यादेनंतर त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या दिशांनी थरथरू लागतात. कागदाचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा शंकू मऊ असल्याने ही थरथर त्याच्या अंगातच बऱ्यापैकी जिरते. अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूचा शंकू ताठ असल्याने मर्यादेपर्यंत अधिक नेमका चालतो, पण मर्यादा ओलांडली की बहुधा 5000 ते 8000 हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी घंटेसारखा वाजू लागतो, आणि तो भाग क्रॉसओव्हरने कठोरपणे गाळला नसेल, तर आवाजाला पत्र्याचा स्वभाव येतो. धातूचे स्पीकर कर्कश आणि रेशमी घुमटाचे मुलायम ही लोकप्रिय समजूत मात्र अर्धवटच खरी आहे. धातूच्या चांगल्या ट्वीटरचा अनुनाद 25,000 हर्ट्झच्या पलीकडे, ऐकू येण्याच्या बाहेर ढकललेला असतो, आणि रेशमी घुमटाचा ट्वीटर चुकीच्या सांध्यावर जोडला तर तोही तितकाच छळतो. टूल आणि ऑलिव्ह यांनी 1988 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे आलेखावर सुईसारखा उंच आणि निमुळता दिसणारा अनुनाद पुष्कळदा कानाला लागतही नाही, तर पसरट, बुटका, निरुपद्रवी दिसणारा फुगवटा सहज जाणवतो, कारण संगीतातले अधिक स्वर त्याच्या तावडीत सापडतात.

आतापर्यंत वर्णिलेला दोष म्हणजे मुळात असलेल्या आवाजाचे प्रमाण बिघडणे; परंतु दुसऱ्या जातीच्या दोषात स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर मुळात नसलेले स्वर निर्माण करतो. याला विरूपण म्हणतात, व्यवहारात ‘आवाज फाटतो’ असे म्हणतात. एखाद्या स्वराबरोबर त्याच्या दुप्पट किंवा तिप्पट वारंवारतेचे थोडे स्वर मिसळले, तर मूळ स्वर त्यांना बऱ्याच अंशी झाकून टाकतो, कारण मोठा आवाज आपल्या लगतच्या वरच्या वारंवारतांना ऐकू येऊ देत नाही. पण सातपट, नऊपट वारंवारतेचे स्वर या आडोशाबाहेर पडतात आणि अल्प प्रमाणातही उघडे पडतात. ताकद संपलेला अ‍ॅम्प्लिफायर नेमके हेच करतो, कारण लाटेचे शेंडे छाटले गेले की असे दूरचे विषम स्वर तयार होतात. संगीतातला क्षणिक जोर सरासरीपेक्षा वीस डेसिबलने सहज वर जातो, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. म्हणजे सरासरी एका वॅटवर शांतपणे चाललेल्या गाण्यात तबल्याच्या एका थापेला क्षणभर शंभर वॅट लागू शकतात. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर मोठ्याने ऐकणे स्पीकरला सुरक्षित असते ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

विरूपणाचा आणखी एक प्रकार याहून बारकाईने पाहण्यासारखा आहे. छोटा वूफर 70 हर्ट्झच्या खर्जासाठी मोठाले हेलकावे घेत असताना त्याच शंकूतून गायिकेचा आवाजही निघत असतो. हेलकाव्याच्या टोकाला त्याची तारेची गुंडाळी चुंबकाच्या खाचेतून अंशतः बाहेर आल्याने जोर कमी पडतो, आणि त्यामुळे गायिकेचा आवाज सेकंदाला सत्तर वेळा, किंवा दोन्ही टोकांना मिळून एकशेचाळीस वेळा, बारीक-मोठा होऊ लागतो. एवढ्या जलद चढउतारांचे कानाला चढउतार म्हणून आकलन होत नाही, तर आवाज खडबडीत झाल्यासारखा वाटतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1863 मधील आपल्या ग्रंथात या खडबडीतपणाला विसंवादी स्वरांचे मूळ मानले होते, आणि तो सेकंदाला सत्तरच्या आसपासच्या चढउतारांना सर्वाधिक जाणवतो, असे नंतरच्या मोजमापांत आढळले. 2015 मध्ये ल्यूक आर्नाल, डेव्हिड पॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळीचे पृथक्करण केले, तेव्हा साध्या बोलण्यापेक्षा तिचे वेगळेपण सेकंदाला 30 ते 150 वेळा होणाऱ्या अशाच चढउतारांत सापडले. बेस वाढवून वाजवलेला लहानसा स्पीकर गाणाऱ्या आवाजावर या जातीचा खडबडीतपणा चढवत असतो, हे लक्षात घेतले, तर त्यापासून दूर जावेसे वाटणे साहजिक म्हणावे लागते.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांना हे दोष इतरांपेक्षा लवकर जाणवतात, आणि त्याला तंबोरा कारण आहे. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून तंबोऱ्याची जवारी काढतात आणि वाजवणारा तारेखाली सुताचा धागा सरकवून ती खुलवतो, तेव्हा तार घोडीच्या उतारावर हलकेच घासत राहते आणि तिच्यातून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा चढत्या वारंवारतांचे स्वयंभू स्वर मोठ्या संख्येने उमटत राहतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर निबंध लिहून, तारेच्या कंपनांविषयीचा प्रचलित नियम इथे लागू पडत नाही, असे दाखवले होते. काळी एकच्या षड्जाची वारंवारता सुमारे 139 हर्ट्झ धरली, तर त्याचा विसावा स्वयंभू स्वर 2800 च्या जवळ आणि तिसावा 4200 च्या जवळ येतो, म्हणजे जवारीचे सारे तेज थेट त्या हळव्या पट्ट्यात पडते. चांगल्या स्पीकरवर तंबोऱ्याचा झंकार पार्श्वभूमीला सलग पसरतो, तर सांध्यावर उसळी असलेल्या स्पीकरवर त्यातले काही स्वयंभू स्वर इतरांपासून सुटून बाहेर येतात आणि तासाभराच्या ख्यालात सतत भणभणत राहतात. बारीक पट्टीत गाणाऱ्या गायिकेची जुनी ध्वनिमुद्रिका, संवादिनी आणि भजनातले टाळ यांचीही गत तीच होते.

क्वचित असेही घडते, की उंच स्वर यथायोग्य असतात आणि आधाराला खर्जच नसतो. वीस सेंटिमीटर रुंदीच्या खोक्याचा आवाज 600 हर्ट्झच्या वर मुख्यतः समोर जातो, पण त्याखाली तो खोक्याला वळसा घालून मागेही जाऊ लागतो, आणि समोरचा जोर हळूहळू सहा डेसिबलपर्यंत घटतो. क्रॉसओव्हरमध्ये याची भरपाई केलेली नसेल, तर खालचा भाग पोकळ राहून वरचा भाग उघडा पडतो. हलक्या आवाजात ऐकताना कानाची खर्जाबाबतची उदासीनता त्यात भर घालते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे जे बटण असे ते याचसाठी, आणि ते नाहीसे झाले याची खंत वाटावी अशी स्थिती आहे. अशा वेळी स्पीकर भिंतीच्या थोडा जवळ सरकवल्याने खर्ज वाढून कर्कशपणाची तक्रारही पुष्कळ वेळा मिटते.

काही वेळा स्पीकर निर्दोषच असतो आणि कर्कशपणा ध्वनिमुद्रणात असतो. इतरांपेक्षा आपले गाणे मोठे वाजावे या चढाओढीत 1990 च्या दशकापासून गाण्यातील हलके-मोठे यांतले अंतर दाबून सगळेच शिगेला नेण्याची पद्धत बोकाळली. 2008 मध्ये मेटॅलिका या अमेरिकी बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह आला, तेव्हा त्यातली गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात ऐकायला मिळतात, हे चाहत्यांच्या लक्षात आले आणि विकत घेतलेली सीडी खेळापेक्षा वाईट का, असा गदारोळ झाला. नेमका स्पीकर अशा गाण्यांना सावरून घेत नाही, आणि त्याने तसे करावे अशी अपेक्षाही रास्त नाही.

राहता राहिली खोली, आणि महाराष्ट्रातील शहरी सदनिकांच्या बाबतीत तिचा वाटा बहुधा ग्राहकाला वाटतो त्याहून मोठा असतो. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून एका कुप्रसिद्ध व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून ठेवत केलेल्या प्रयोगांतून निनादाचे सूत्र सापडले. निनाद म्हणजे आवाज थांबल्यानंतरही परावर्तनांमुळे रेंगाळणारा नाद, आणि तो साठ डेसिबलने विरायला लागणारा काळ हे त्याचे माप. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा गिलावा केलेल्या, व्हिट्रिफाइड टाइल्स लावलेल्या रिकाम्या खोलीचा प्रत्येक पृष्ठभाग सरासरी तीन टक्के आवाज शोषतो असे धरले, तर सॅबिनच्या सूत्राने हा काळ तीन सेकंदांच्या जवळ येतो. सोफा, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि चार माणसे यांनी एकूण शोषण पाचपट केले, तर तो सहा दशांश सेकंदाच्या आसपास उतरतो. त्रासदायक पट्ट्यासाठी फार खर्चाचे साहित्य लागत नाही, कारण 3000 हर्ट्झच्या तरंगलांबीचा चौथा भाग तीनच सेंटिमीटर भरतो आणि तेवढ्या जाडीचा सच्छिद्र थर तो आवाज चांगला जिरवतो. जाड गोधडी या कामी पुरते, पण पातळ सतरंजी किंवा जाळीचा पडदा फक्त सर्वांत उंच स्वर खाऊन मधला पट्टा तसाच सोडतो. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा उद्योग मात्र ज्यांनी केला त्यांना धुळीखेरीज विशेष काही मिळत नाही.

दुकानात स्पीकर निवडताना या सर्वांचा विसर पडतो, कारण तिथले काही मिनिटांचे ऐकणे उसळीच्या बाजूने झुकलेले असते: जो स्पीकर किंचित मोठा वाजतो आणि ज्याचा 3000-4000 हर्ट्झचा भाग पुढे येतो, त्यात ‘आधी न ऐकलेले बारकावे’ ऐकू येतात. 1994 मध्ये टूल आणि ऑलिव्ह यांनी हरमनच्याच कर्मचाऱ्यांना स्पीकर आधी पडद्याआड आणि मग उघड ऐकवले, तेव्हा देखणे, मोठे आणि आपल्या कंपनीचे स्पीकर दिसू लागताच त्यांचे गुण वाढले. यावर उतारा म्हणून दोन्ही स्पीकरांचा आवाज आधी समान करून, नुसते बोलणे लावून, समोरून बाजूला तीस-चाळीस अंश सरकत जावे. निवेदकाचा आवाज हळूहळू मऊ होत गेला तर सांधा ठीक आहे. मध्येच त्याचा पोत बदलला, ‘श’ सुटा पडला, तर तोच आवाज पुढे भिंतींवरून परत येणार आहे.

घरी आणून झाल्यावर इक्वलायझरने, म्हणजे निवडक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, यातले काही सुधारता येते आणि काही येत नाही. शंकूचा किंवा खोक्याचा अनुनाद सर्व दिशांना सारखाच उठत असल्याने तेवढा भाग दोन-तीन डेसिबल उतरवला की तो खरोखर आटोक्यात येतो. ब्रिटिश स्पीकरांत 1000 ते 4000 हर्ट्झच्या दरम्यान ठेवली जाणारी, ‘बीबीसी डिप’ या नावाने ओळखली जाणारी किंचित घळ ही याच जातीची तडजोड म्हणता येईल. पण दोष फैलावाचा असेल, तर इक्वलायझर हतबल ठरतो, कारण तो थेट येणारा आवाज आणि भिंतींवरून येणारा आवाज एकाच मापाने कमी करतो: परतलेल्या आवाजातली उसळी छाटावी तर समोरचा आवाज बुजतो, आणि समोरचा सपाट ठेवावा तर उसळी कायम राहते. अशा स्पीकरच्या बाबतीत तो कानाच्या जवळ आणून, भिंतींपासून दूर ठेवून, थेट आवाजाचा वाटा वाढवणे एवढाच मार्ग उरतो. टेबलावर हातभर अंतरावर ठेवल्यास बाजूने गेलेला बिघडलेला आवाज कानाशी येईपर्यंत पुरेसा क्षीण झालेला असतो, आणि दिवाणखान्यात नकोसा झालेला तोच जोड अभ्यासिकेत निमूटपणे वर्षानुवर्षे चालतो.